एलसीचे कागद बँक नाकारते तेव्हा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका कारखान्याने जेद्दाहच्या व्यापाऱ्याला २४,००० टेरी टॉवेल पाठवले, असे समजा. माल ठरल्याप्रमाणे विणला, रंगवला, ४०० खोक्यांत भरला, कंटेनर न्हावा शेवाला पोचून जहाजावर चढला आणि कागदपत्रे स्थानिक बँकेमार्फत जेद्दाहच्या बँकेकडे गेली. काही दिवसांनी तिकडून स्विफ्टवर, म्हणजे बँकांच्या आपसांतील संदेशजाळ्यावर, निरोप येतो, की कागदपत्रांत डिस्क्रिपन्सी, म्हणजे एलसीच्या अटींशी विसंगती, असल्यामुळे पैसे देण्यास नकार देण्यात येत आहे. अशा वेळी कारखानदाराची पहिली प्रतिक्रिया बहुधा एकच असते: माल तर चोख आहे, मग पैसे का अडले? प्रश्न रास्त आहे, पण तो बँकेला विचारून उपयोग नाही. बँकेच्या लेखी वचनावर चालणाऱ्या एलसीच्या व्यवहारात बँक माल पाहतच नाही, ती फक्त कागद पाहते. मात्र ज्या काटेकोरपणाने ती निर्यातदाराचे कागद तपासते, तोच काटेकोरपणा तिच्या स्वतःच्या नकाराच्या निरोपालाही लागू असतो, आणि तो निरोप तितक्याच बारकाईने वाचण्याचे कष्ट निर्यातदार क्वचितच घेतो. या लेखाचा रोख मुख्यतः त्या निरोपाकडे आहे.

वचन कोणाचे आणि कशाचे

लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे आपल्या बोलण्यातली एलसी, हे परदेशी खरेदीदाराच्या बँकेने निर्यातदाराला दिलेले लेखी वचन असते. अमुक कागदपत्रे अमुक मुदतीत सादर झाली आणि ती एलसीतील अटींशी जुळली, तर आम्ही पैसे देऊ, एवढाच त्याचा आशय असतो. खरेदीदाराने पैसे भरले तरच देऊ, असे त्यात कुठेही नसते. खरेदीदार दिवाळखोर झाला, त्याचे मन बदलले किंवा बाजार पडला, तरी कागद जुळत असतील तर बँकेला पैसे द्यावेच लागतात, आणि म्हणूनच एलसी उघडून घेण्याचा एवढा खटाटोप आपण करतो.

हे वचन कसे वाचायचे याचे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने, म्हणजे आयसीसीने, तयार केले आहेत. सध्याची आवृत्ती यूसीपी ६०० या नावाने ओळखली जाते. ती १ जुलै २००७ पासून लागू झाली आणि तिच्यात ३९ कलमे आहेत. हा कोणत्याही देशाच्या संसदेने केलेला कायदा नव्हे. एलसीच्या मजकुरातच यूसीपी लागू असल्याचे लिहिलेले असते आणि त्यामुळे तो कराराचा भाग म्हणून बंधनकारक ठरतो. त्यातील चौथे कलम सांगते, की एलसी हा विक्रीच्या करारापासून पूर्णपणे वेगळा व्यवहार आहे, आणि पाचवे कलम सांगते, की बँका कागदपत्रांशी व्यवहार करतात, त्या कागदपत्रांमागच्या मालाशी नव्हे. चौदाव्या कलमानुसार बँकेने केवळ कागदांवर दर्शनी जे दिसते त्यावरून निर्णय घ्यायचा असतो. कारखान्यात येऊन टॉवेलचे वजन करणे, खरेदीदाराला माल आवडला का हे विचारणे किंवा व्यापारातील रूढी शोधणे हे तिचे काम नाही.

काटेकोरपणा किती जुना आहे

लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १९२० च्या दशकात इक्विटेबल ट्रस्ट कंपनी विरुद्ध डॉसन पार्टनर्स हा खटला आला होता. व्हॅनिलाच्या शेंगांच्या त्या व्यवहारात एलसीला एकापेक्षा अधिक तज्ज्ञांचे प्रमाणपत्र हवे होते, पण तारेच्या सांकेतिक भाषेतील घोटाळ्यामुळे एकाच तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर पैसे दिले गेले. विक्रेता लबाड निघाला आणि मालात मुख्यतः काटक्या, दगड आणि जुने लोखंड भरलेले सापडले. ‘जवळजवळ तेच’ किंवा ‘तेवढेच चालण्याजोगे’ अशा कागदांना या व्यवहारात जागा नाही, असे लॉर्ड समनर यांनी त्या निकालात बजावले आणि ते वाक्य आजही जगभरच्या बँका नकार देताना पुढे करतात.

आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा खटला १९४३ चा आहे. एका डॅनिश खरेदीदारासाठी उघडलेल्या एलसीत ‘कोरोमंडल शेंगदाणे’ असे लिहिले होते, तर बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या ज्या पावतीवर माल सोडवला जातो तिच्यावर, ‘यंत्राने सोललेले शेंगदाणे’ अशा अर्थाचे वर्णन होते. लंडनच्या बाजारात या दोन्ही शब्दांनी एकच वस्तू ओळखली जाते, असा पुरावा न्यायालयात आला आणि तो खोटाही नव्हता. तरीही अपील न्यायालयाने हॅम्ब्रोज बँकेचा नकार योग्य ठरवला, कारण हजारो प्रकारच्या मालाच्या कागदांवर पैसे देणाऱ्या बँकेला प्रत्येक धंद्यातील बोली कळलीच पाहिजे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८१ मध्ये युनायटेड कमर्शियल बँक विरुद्ध बँक ऑफ इंडिया या मोहरीच्या तेलाच्या प्रकरणात कागद एलसीशी काटेकोरपणे जुळलेच पाहिजेत, हेच तत्त्व उचलून धरले. तिथे वाद मुख्यतः तेल ‘अनरिफाइंड’ आहे की नाही, या वर्णनातील एका शब्दावरून होता.

हे वाचून प्रत्येक टिंब-स्वल्पविरामावरून पैसे अडवता येतात असा समज होऊ शकतो, आणि काही बँका वागतातही तशाच. पण नियम तितके निष्ठुर नाहीत. यूसीपीचे चौदावे कलमच सांगते, की कागदांतील माहिती एकमेकांशी किंवा एलसीशी शब्दशः सारखी असण्याची गरज नाही. ती परस्परविरोधी नसावी, एवढेच पुरेसे आहे. मालाचे वर्णन एलसीशी मिळतेजुळते हवे ते इनव्हॉइसमध्ये. पॅकिंग लिस्ट किंवा ओरिजिन सर्टिफिकेटवर (माल कोणत्या देशाचा याच्या दाखल्यावर) ते सर्वसाधारण शब्दांत चालते, फक्त एलसीतील वर्णनाच्या विरोधात जाता कामा नये. म्हणजे एलसीत आणि इनव्हॉइसमध्ये ‘१०० टक्के सुती टेरी टॉवेल, ७० बाय १४० सेंटिमीटर, ४५० जीएसएम’ (दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम) असे असेल आणि ओरिजिन सर्टिफिकेटवर नुसते ‘सुती टॉवेल’ असेल, तर त्यात काही चूक नाही. मात्र पॅकिंग लिस्टवर ४०० जीएसएम छापले गेले तर ती खरी डिस्क्रिपन्सी आहे.

टंकलेखनाच्या चुकांबाबत आयसीसीचेच आयएसबीपी हे मार्गदर्शक मदतीला येते. शब्दाचा अर्थ बदलत नसेल तर स्पेलिंगची चूक ही डिस्क्रिपन्सी नव्हे, असे त्यात उदाहरणे देऊन सांगितले आहे. ‘मशीन’च्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर चुकले तर चालते, पण मॉडेल क्रमांक ३२१ च्या जागी १२३ पडला तर चालत नाही. सोलापूरकरांसाठी याचा एक खास उपयोग आहे. आपल्या गावाचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांवर ‘एसएच’ने सुरू होते आणि नव्या कागदांवर नुसत्या ‘एस’ने, त्यामुळे एलसीवर एक आणि जीएसटीच्या नोंदणीवर दुसरे, असा प्रकार नेहमी घडतो. केवळ त्यावरून आलेला नकार टिकणारा नाही. शिवाय विक्रेता आणि खरेदीदार यांचे पत्ते एलसीतील पत्त्यांशी तंतोतंत जुळण्याची सक्तीच यूसीपीत नाही. देश तोच असला की पुरते. याला अपवाद बिल ऑफ लेडिंगवरील कन्साइनी (माल ज्याच्या नावे पाठवला तो) किंवा नोटिफाय पार्टी (माल पोचल्याचे ज्याला कळवायचे तो) म्हणून येणाऱ्या खरेदीदाराच्या पत्त्याचा आहे, तो मात्र एलसीप्रमाणेच लागतो.

खऱ्या चुका कुठे होतात

यूसीपी ६०० च्या प्रस्तावनेतच नमूद आहे, की जगभरच्या पाहण्यांनुसार एलसीखाली सादर होणारे सुमारे ७० टक्के कागद पहिल्या फेरीत नाकारले जात होते. नियम बदलण्यामागे हे एक मोठे कारण होते. यातील बरेचसे नकार बँकांच्या अतिरेकाचे असतील, पण सगळे नव्हेत, आणि आपल्याकडच्या चुका बहुतेक तारखांच्या आणि आकड्यांच्या असतात.

पहिली गल्लत जहाजाच्या तारखेची. सोलापूरहून ट्रक निघाला ती तारीख, किंवा कंटेनर बंदरात जमा झाला ती तारीख, ही शिपमेंटची तारीख नव्हे. बिल ऑफ लेडिंगवर माल जहाजावर चढल्याची जी ‘ऑन बोर्ड’ नोंद असते, तीच तारीख धरली जाते. एलसीत शिपमेंटची शेवटची तारीख २० असेल, कंटेनर १६ ला बंदरात पोचला असेल आणि जहाज उशिरा लागून माल २२ ला चढला, तर कारखान्याची काहीही चूक नसताना कागद नापास होतात. अशा वेळी फॉरवर्डरला (मालाच्या वाहतुकीची व्यवस्था पाहणाऱ्याला) गळ घालून मागची तारीख टाकून घेण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला ऐकू नये; तारखेची चूक माफ होऊ शकते, खोटी तारीख हा फसवणुकीचा पुरावा असतो.

दुसरी गल्लत कागद सादर करण्याच्या मुदतीची. एलसीत वेगळे काही लिहिले नसेल, तर शिपमेंटनंतर २१ दिवसांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत एलसी संपण्यापूर्वी, कागद सादर व्हावे लागतात. हे २१ दिवस कॅलेंडरचे आहेत, त्यात रविवार आणि सणवार धरलेले असतात. एलसी संपण्याची तारीख किंवा सादरीकरणाचा शेवटचा दिवस नेमका बँकेच्या सुट्टीचा आला तर पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते, पण शिपमेंटच्या शेवटच्या तारखेला ही सवलत नाही. याहूनही महत्त्वाचे म्हणजे कागद कोणत्या बँकेत, कोणत्या गावी सादर व्हायचे हे आधी वाचावे. एलसी भारतातील बँकेत वापरता येण्याजोगी असेल, तर त्या बँकेत कागद दिले की मुदत पाळली गेली, आणि तिथे पास झालेले कागद पुढे कुरियरमध्ये हरवले तरी परदेशी बँकेची जबाबदारी टळत नाही. पण एलसी फक्त तिकडच्या बँकेत वापरता येत असेल आणि तिथेच संपत असेल, तर कुरियरचा प्रवासही आपल्याच मुदतीतून जातो. हा मुद्दा कित्येकदा माल निघाल्यावर लक्षात येतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

तिसरी गल्लत नगांची, आणि टॉवेलच्या धंद्यात ती नेहमीची आहे. यूसीपीच्या तिसाव्या कलमाप्रमाणे मालाच्या प्रमाणात पाच टक्के कमी-जास्त चालते, आणि बऱ्याच जणांना ही सवलत ऐकून माहीत असते. पण त्याच कलमात पुढे अट आहे, की एलसीत प्रमाण नगांत किंवा ठरावीक पॅकिंगच्या संख्येत दिले असेल तर ही सवलत मिळत नाही. सूत किलोत विकले तर पाच टक्के चालतात. टॉवेल नगांत विकले तर एकही नग कमी चालत नाही. वरच्या उदाहरणात ४०० खोकी, प्रत्येकात ६० नग, असे २४,००० टॉवेल पाठवायचे होते. शेवटची चार खोकी रंगात बसली नाहीत म्हणून ३९६ खोकी, म्हणजे २३,७६० टॉवेल पाठवले, तर तूट फक्त एक टक्क्याची आहे. एलसीने पार्शल शिपमेंटला, म्हणजे माल हप्त्यांत पाठवायला, मनाई केलेली नसेल तर हा माल एक हप्ता म्हणून बिनदिक्कत चालेल. मनाई असेल तर एका टक्क्याने सगळ्या बिलाचे पैसे अडतील. उपाय सोपा आहे: एलसी उघडतानाच प्रमाणाच्या आधी ‘सुमारे’ या अर्थाचा शब्द घालून घ्यावा, म्हणजे दहा टक्क्यांची सूट मिळते, किंवा कमी-जास्तीची टक्केवारी स्पष्ट लिहून घ्यावी. रंगाईत आणि शिलाईत माल बाद होतो हे ज्याला माहीत आहे, त्याने अशी सूट नसलेली नगांची एलसी स्वीकारू नये.

आणखी एक सापळा चुकून लागलेला नसून हेतुपुरस्सर लावलेला असतो. एलसीत अशी अट असते, की मालाच्या तपासणीच्या प्रमाणपत्रावर खरेदीदाराच्या अमुक अधिकाऱ्याची सही हवी आणि ती सही बँकेकडील नमुन्याशी जुळायला हवी. या अटीमुळे बँकेचे स्वतंत्र वचन प्रत्यक्षात खरेदीदाराच्या मर्जीवर येते, कारण त्याने सहीच केली नाही तर कागद पुरे होणारच नाहीत. अशी अट असलेल्या एलसीवर माल विणायला घेण्यापूर्वीच अमेंडमेंट, म्हणजे एलसीत दुरुस्ती, मागावी. माल बंदरात गेल्यावर ती मिळत नाही.

विमा आणि सह्यांच्या चुका लवकर सांगून होतात. विमा विक्रेत्याने काढायचा असेल तर पॉलिसी शिपमेंटच्या तारखेनंतरची दिसू नये आणि एलसीत काही लिहिले नसेल तर रक्कम सीआयएफ मूल्याच्या (माल, विमा आणि जहाजभाडे मिळून होणाऱ्या किमतीच्या) किमान ११० टक्के असावी. इनव्हॉइसवर सही नसली तरी यूसीपीला चालते, पण एलसीने सही मागितली असेल तर ती लागते.

नकाराचा निरोप तपासताना

आता मूळ मुद्द्याकडे. कागद मिळाल्यानंतर बँकेला ते तपासायला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात, आणि ज्या दिवशी कागद मिळाले तो दिवस यात धरत नाहीत. बँकिंग दिवस म्हणजे त्या गावी ती बँक नेहमीप्रमाणे उघडी असते तो दिवस. सौदी अरेबियात शुक्रवार आणि शनिवार ही आठवड्याची सुट्टी असते आणि रविवारी बँका चालू असतात. त्यामुळे जेद्दाहच्या बँकेला रविवारी कागद मिळाले, तर सोमवार ते गुरुवार हे चार दिवस आणि पुढचा रविवार हा पाचवा दिवस. आपल्या सवयीने मोजणाऱ्याला शुक्रवारीच मुदत संपली असे वाटेल आणि तो रविवारी आलेल्या नकाराविरुद्ध निष्कारण भांडेल. उलट तो नकार सोमवारी निघाला असेल, तर तो खरोखरच उशिरा आलेला आहे आणि इथे भांडायलाच हवे. दुबईचे गणित निराळे आहे, कारण संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी स्वीकारली. म्हणून कुरियरच्या पोचपावतीवरची तारीख आणि वेळ जपून ठेवावी आणि त्या गावातील सुट्ट्यांची यादी काढूनच दिवस मोजावेत.

मुदतीइतकाच निरोपाचा मजकूर महत्त्वाचा असतो. सोळाव्या कलमानुसार बँकेने एकच निरोप द्यायचा असतो आणि त्यात तीन गोष्टी असाव्याच लागतात. ती पैसे देण्यास नकार देत आहे हे स्पष्ट म्हटलेले हवे. ज्या ज्या डिस्क्रिपन्सीवरून नकार आहे त्या सगळ्या मांडलेल्या हव्यात. आणि कागदांचे ती काय करते आहे हेही सांगितलेले हवे, म्हणजे पुढच्या सूचनेची वाट पाहत स्वतःकडे ठेवते, खरेदीदाराचा वेव्हर, म्हणजे चूक माफ असल्याची संमती, येऊन तो आपल्याला मान्य होईपर्यंत ठेवते, परत पाठवते, की आधी मिळालेल्या सूचनेप्रमाणे वागते. स्विफ्टमध्ये यासाठी एमटी ७३४ हा खास संदेश आहे.

प्रत्यक्षात पुष्कळ निरोप या कसोटीला उतरत नाहीत. ‘कागदांत डिस्क्रिपन्सी आढळल्या, खरेदीदाराशी संपर्क साधत आहोत’ एवढेच साध्या संदेशात लिहून बँक गप्प बसते. त्यात नकाराचा उच्चार नाही आणि कागदांचे काय केले तेही नाही. ‘कागद एलसीप्रमाणे नाहीत’ असे मोघम लिहिले, पण कोणता कागद आणि कुठे हे सांगितले नाही, तर तो निरोपही पुरेसा नाही. पहिल्या निरोपातील मुद्द्याला आपण समर्पक उत्तर दिले आणि मग बँकेने दुसऱ्या निरोपात नवी डिस्क्रिपन्सी शोधून काढली, तर त्याच सादरीकरणासाठी ती नवी तक्रार विचारात घेतली जात नाही. या सगळ्याचा परिणाम त्याच कलमाच्या शेवटी सांगितला आहे: बँक या कलमाप्रमाणे वागली नाही, तर कागद एलसीशी जुळत नाहीत असा दावा करण्याचा तिचा हक्कच संपतो. मग कागदांत खरोखर चूक असली तरी तिला पैसे द्यावे लागतात. निर्यातदाराच्या हातातील हे सर्वांत धारदार हत्यार आहे, आणि ते बहुतेक वेळा म्यानातच राहते.

निरोप बरोबर दिला म्हणून बँक सुटली असेही नाही. निरोपात जे म्हटले तसे तिने वागले पाहिजे. २०११ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने फोर्टिस बँक विरुद्ध इंडियन ओव्हरसीज बँक या खटल्यात हेच ठरवले. भंगार धातूच्या त्या व्यवहारांत एलसी उघडणाऱ्या बँकेने कागद परत पाठवत असल्याचे कळवले होते, पण ते वेळेवर परत केले नाहीत. न्यायालय म्हणाले, की कागद ठेवतो किंवा परत करतो असे सांगितल्यावर ते वाजवी तत्परतेने केलेच पाहिजे, अन्यथा डिस्क्रिपन्सीचा आधार घेता येणार नाही. कारण उघड आहे: बिल ऑफ लेडिंग हातात नसेल तर विक्रेता दुसरा खरेदीदार शोधू शकत नाही आणि बंदरात कंटेनरचे भाडे मात्र चढत राहते.

यावरून एक साधी तपासणी सुचते. नकार आल्यावर शिपिंग लाइनच्या संकेतस्थळावर कंटेनरचा क्रमांक टाकून तो कुठे आहे ते रोज पाहावे. कागद आमच्याकडे आहेत असे बँक म्हणत असताना भरलेला कंटेनर बंदराबाहेर गेलेला दिसला, तर बँकेने पैसे न देताच मूळ बिल ऑफ लेडिंग खरेदीदाराला दिले असण्याची दाट शंका घ्यावी आणि शिपिंग लाइनकडे लेखी विचारणा करावी. बँकेने ते दिले असेल तर तिला नकारावर उभे राहता येत नाही, आणि बिल ऑफ लेडिंगशिवाय माल सोडला गेला असेल तर शिपिंग लाइनला जाब विचारता येतो.

नकारामागचे कारण आणि पुढची पावले

बाजारभाव टिकून असताना आणि खरेदीदाराला माल हवा असताना किरकोळ डिस्क्रिपन्सी सहसा माफ होतात. बँक आपली डिस्क्रिपन्सी फी कापून पैसे देते. भाव पडला, तिकडचे चलन घसरले किंवा खरेदीदाराचे गोदाम भरलेले असले की तीच डिस्क्रिपन्सी सौद्याचे हत्यार बनते आणि ‘दहा टक्के सूट द्या, मग वेव्हर देतो’ असा फोन येतो. कायद्याने यात खरेदीदाराचे फारसे चुकत नाही, कारण वेव्हर देणे त्याच्या मर्जीवर आहे, आणि वेव्हरसाठी त्याला विचारायचे की नाही व तो मिळाल्यावर स्वीकारायचा की नाही हे बँकेच्या मर्जीवर आहे. पण या विचारपुशीमुळे बँकेचे पाच दिवस वाढत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

म्हणून निरोप आला की प्रथम कॅलेंडर पाहावे. एलसी संपायला आणि २१ दिवस पुरे व्हायला अवकाश असेल, तर चुकीचा कागद बदलून पुन्हा सादर करता येतो आणि नव्या सादरीकरणाला पुन्हा पाच दिवस मिळतात. पॅकिंग लिस्ट, विक्रेत्याचे स्वतःचे प्रमाणपत्र, इनव्हॉइस हे कागद एका दिवसात बदलता येतात. म्हणूनच मुदतीच्या शेवटच्या दिवशी कागद लावण्याची आपल्याकडची सवय महाग पडते. मुदत उरली नसेल आणि डिस्क्रिपन्सी चुकीची वाटत असेल, तर त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी पत्र देऊन परदेशी बँकेकडे कलमांच्या उल्लेखासह स्विफ्टने आक्षेप पाठवायला सांगावे. फोनवर झालेले बोलणे पुढे कामी येत नाही.

इथे आपल्या बँकेची भूमिकाही समजून घ्यावी. स्थानिक बँकेने बिल नेगोशिएट करून, म्हणजे कागद विकत घेऊन, आगाऊ पैसे दिले असतील, तर ते सामान्यतः परत मागण्याच्या हक्कासह दिलेले असतात. पैसे आले नाहीत की ती रक्कम व्याजासह कारखान्याच्या खात्यातून वळती होते. ‘अंडर रिझर्व्ह’, म्हणजे परत मागण्याचा हक्क राखून, दिलेल्या पैशांचेही तसेच. परदेशी बँकेच्या एलसीला दुसऱ्या बँकेने कन्फर्मेशन, म्हणजे स्वतःची जोडहमी, दिलेले असेल तर स्थिती पुष्कळ बरी असते, कारण कन्फर्म करणाऱ्या बँकेची जबाबदारी स्वतंत्र असते आणि कागद जुळत असतील तर दिलेले पैसे तिला परत मागता येत नाहीत. त्याचा खर्च अर्थात कोणाला तरी सोसावा लागतो, आणि लहान कारखान्यांना तो नकोसा वाटतो.

सूट देऊन प्रकरण मिटवायचे ठरवले, तरी इनव्हॉइसची रक्कम परस्पर कमी करता येत नाही. त्यासाठी आपल्या बँकेची मान्यता लागते, कारण निर्यातीचे पूर्ण पैसे ठरलेल्या मुदतीत देशात आले की नाही याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या प्रणालीत शिपिंग बिलागणिक (कस्टमकडील निर्यातीच्या कागदागणिक) ठेवली जाते. ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीच्या बुडीत पैशांचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची, पॉलिसी असली तरी तिच्यावर आंधळेपणाने विसंबू नये. मालाच्या दर्जावरून किंवा अशाच व्यापारी वादावरून अडलेले पैसे सर्वसाधारणपणे त्या संरक्षणाच्या बाहेर असतात, जोपर्यंत खरेदीदाराच्या देशातील न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने मिळत नाही.

कधी कधी उलटे घडते: कागद जुळतात, पण खरेदीदार फसवणुकीचा आरोप करून न्यायालयातून पैसे थांबवू पाहतो. याचा गाजलेला अमेरिकन खटला १९४१ चा असून त्यातील माल आपल्याच देशातून, लखनौच्या विक्रेत्याकडून गेला होता. केसाळ ब्रशांसाठी लागणारे राठ केस मागवले असताना पेट्यांत गाईचे केस आणि कचरा भरला होता, असा आरोप होता. असा आरोप खरा धरला तर बँकेला पैसे देण्यापासून रोखता येते, असे न्यू यॉर्कच्या न्यायालयाने मानले. भारतातील न्यायालये मात्र असा मनाई हुकूम सहजी देत नाहीत. उघड आणि गंभीर फसवणूक दाखवावी लागते, मालाचा दर्जा कमी असल्याची तक्रार पुरत नाही.

पंधरा-वीस लाखांच्या बिलासाठी परदेशी न्यायालयात वकील लावणे सोलापूरच्या बहुतेक कारखान्यांना झेपणारे नाही, हे मान्यच करावे लागेल. त्यापेक्षा हलका मार्ग म्हणजे आयसीसीची डॉकडेक्स ही व्यवस्था. ती १९९७ पासून चालू आहे. तीन तज्ज्ञ दोन्ही बाजूंचे कागद पाहून निर्णय देतात. तोंडी सुनावणी होत नाही आणि कोणाला पॅरिसला जावे लागत नाही. पक्षांनी आधी तसे मान्य केले नसेल तर हा निर्णय बंधनकारक नसतो, पण एलसी उघडणारी कोणतीही बँक आपल्याविरुद्धचा असा निर्णय सहज झटकू शकत नाही, कारण इतर बँका तिच्या एलसी स्वीकारताना याच प्रतिष्ठेकडे पाहतात. अर्जासोबत एलसी, तिच्या सगळ्या अमेंडमेंट, सादर केलेल्या कागदांच्या प्रती, कुरियरची पोच आणि नकाराचा निरोप जोडावा लागतो. मालाचे फोटो किंवा ‘टॉवेल उत्तम आहेत’ असा खरेदीदाराचा व्हॉट्सॲपवरील संदेश त्या फाइलीत घालून काही साधत नाही.